सगळ्यांचे हात मऊ

"कोनाचं वं हे रगत?" माझ्या सासूनं विचारलं.

पाटाभोवतीच्या दहा-बारा बायका पुढं वाकल्या. डोहाळजेवणाचं गाणं म्हणणाऱ्या दोघींचा सूर तोंडातच राहिला. प्रमिलाबाईंची सून, सातवा महिना लागलेली, हिरवं लुगडं नेसून आणि केसांत शेवंती माळून पाटावर बसली होती. तिच्या मांडीवर हिरव्या बांगडीचे तीन तुकडे पडले होते आणि पाटावर रक्ताचे थेंब गळत होते.

रक्त माझ्या सासूचंच होतं. काचेची कपची तिच्या अंगठ्यात रुतून बसली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"आत्याबाई, तुमचंच हाय," मी हळूच म्हटलं आणि तिचा अंगठा माझ्या पदरात धरला.

तिनं अंगठ्याकडे पाहिलं. दुसऱ्याच कोणाचा असावा तसं पाहिलं. मग म्हणाली, "मले तं हात मऊ लागला होता तिचा."

तिथंच सगळं फसलं होतं. त्या पोरीचा हात मऊ नव्हता. ती माहेरी शेतात राबलेली. पंजा रुंद, हाडं टणक. तिला अडीचची बांगडी लागली असती, आणि माझ्या सासूनं काढली सव्वादोनची. काढली ती काढली, वर दाबून चढवायला गेली.

आमच्याकडे बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. पण पोटुशी बाईच्या हातावर, तेही डोहाळजेवणाच्या पाटावर वाढली, तर शब्द बदलून काय होणार? बायकांचे चेहरे उतरायचे ते उतरलेच.

"रुख्माबाई, राहू द्या आता," प्रमिलाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "सेलूहून वासुदेवराव कासाराले बोलावतो मी. तुमी घरी जा, आराम करा."

तीस वर्षांत माझ्या सासूला बांगड्या भरता भरता कोणी उठवलं नव्हतं. ती उठली. पेटी मी उचलली. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे काय, ते हिंगणीत कोणालाही विचारा.

रुख्माबाई म्हणजे हिंगणीची कासारीण. बोर धरणाकडच्या पार शेवटच्या गावापर्यंत डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती पायी फिरायची. गिऱ्हाइकाला माप विचारणं तिला कमीपणाचं वाटे. हात हातात घ्यायचा, अंगठ्याचं मूळ आत दाबायचं, करंगळीखालचं हाड चाचपायचं, की कुठली बांगडी लागणार ते तिला कळायचं. मग डोळे रस्त्यावर, तोंड गावभरच्या भानगडीत आणि बोटं आपली कामात. समोरच्या बाईचं गाऱ्हाणं संपायच्या आत डझनभर बांगड्या मनगटावर. साबण लावून भरणाऱ्या कासारांना ती हसायची. "साबन लावून तं आमच्या घरचे बी भरतीन," म्हणायची. घरचे म्हणजे माझे सासरे, बापूजी. त्यांनी जन्मात बांगड्या ओवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, त्यामुळे ते यावर काही बोलत नसत.

माझ्याशी ती सासूसारखीच वागली, खोटं कशाला सांगू? नलूची भाकर जाड, नलूच्या भाजीत मीठ कमी, नलूच्या माहेरचे लोक चिकट. मीही काही मुकी नव्हते. एक टोमणा तिनं मारला की दोन मी मारायची, आणि बापूजी चहा घेऊन ओट्यावर जाऊन बसायचे.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात तिच्या हातातून गंज-पातेली पडायला लागली. आधी वाटलं, रागानं आदळते. मग लुगड्याच्या निऱ्या जमेनात. चालताना पाय ओढायला लागली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढले तेव्हा कळलं, की मानेचे मणके झिजून आतल्या नसेवर बसलेत. तीस वर्षांचं डोक्यावरचं ओझं. ऑपरेशन केलं नाही तर वर्षभरात खाट धरेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. दिवाळी झाल्यावर मान मागून उघडून दाब काढला. पाय महिन्याभरात सुधारला. हात मात्र तसेच राहिले.

"नस मोकळी केली आहे," डॉक्टर म्हणाले होते, "पण दबलेली नस जागी व्हायला वेळ घेते. सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं. आणि किती जागी होईल, ते मी सांगू शकत नाही."

एवढ्यातलं तिनं एकच ऐकलं, नस मोकळी केली. म्हणून माघात डोहाळजेवणाचं बोलावणं आलं तशी पेटी काढून बसली. मी नको नको म्हटलं. "हात कवाचा बरा हाय," म्हणाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. आणि मग तो पाट आणि ते रक्त.

त्यानंतर पेटी बंद झाली. अंगठ्याची जखम भरली, पण सासू ओट्यावर नुसती बसून असायची. पंधरा दिवसांनी, मी तांदूळ निवडत असताना, आपण होऊन बोलली.

"मले सगळ्याईचेच हात मऊ लागतात वं नलू. तुह्या बी, घरच्याईचा बी. कापूस धरल्यावानी लागते."

"मंग तवा काऊन नाई सांगितलं?"

"मले काय ठाव? मले वाटलं त्या पोरीचा हातच मऊ हाय." मग बराच वेळ बोटांकडे पाहत राहिली. "कासारणीचा हात गेला म्हंजे काय राह्यलं वं? मी कोन हाय आता?"

इतकी वर्षं हिच्याशी भांडले, पण हे भांडायचं नव्हतं. मी तांदूळ निवडत राहिले.

चैत्रात प्रमिलाबाईंची सून सुखरूप बाळंत झाली. मुलगी, चांगली गुटगुटीत. मी देवापुढं साखर ठेवली. पण तोवर गावच्या बायका सेलूला जाऊन बांगड्या भरून यायला लागल्या होत्या, आणि आमच्या ओट्यासमोरून जाताना हात पदराखाली घ्यायच्या. माझ्या सासूला ते दिसायचं. दूरचं तिला झकास दिसे, जवळचं दिसत नसे. चष्मा करून दिला होता तो तिनं देवळीत ठेवून दिला होता. बायका पदर सारायच्या, ही पाहायची आणि मान खाली घालायची.

एक दिवस माझं डोकं फिरलं. परातीत चिंचोके, हरभरा, गहू आणि तूर एकत्र केली, वर फडकं टाकलं आणि तिच्यापुढं आदळलं.

"हात घाला आत. एकएक दाना धरा अन् न पाहता सांगा, काय हाय ते."

"मी का लहान पोट्टी हाव?"

"नाई. लहान पोट्टीले समजते."

अस्सं पाहिलं माझ्याकडे! मला वाटलं परात डोक्यात बसते. पण तिनं हात घातला. बराच वेळ चाचपून म्हणाली, "चिंचोका."

बाहेर काढला तो हरभरा होता.

"घाला पुन्हा," मी म्हटलं.

रोज सकाळचं भांडण मग परातीवरच व्हायला लागलं. "तूच मुद्दाम बारीक दाने टाकत." "हो, मी अन् देवानं मिळून टाकले." आखाडात चिंचोका ओळखायला लागली. पोळ्याला हरभरा. गहू आणि तूर काही केल्या वेगळे होईनात. मधेच हातात मुंग्या यायच्या, आणि त्याही साध्या नाही. "लाल मुंगळे चावून राह्यले वं!" म्हणत दिवसभर बोटं झटकत फिरायची. नागपूरला दाखवायला नेलं तर डॉक्टर खूश झाले. मुंग्या म्हणजे नस जागी होतेय, म्हणाले. एस.टी.त बसल्यावर सासू म्हणाली, "चांगलं हाय म्हने! त्याच्या हाताले चावले पाह्यजे मुंगळे, मंग समजन किती चांगलं हाय."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी विहिरीवर होते. घरातून असा आरडाओरडा आला की मी बादली तिथंच टाकून धावले. शेजारच्या कौशल्याबाई धावल्या, बापूजी धोतर सावरत धावले. सासू चुलीपुढं उभी. एक बोट तोंडात, आणि डोळ्यांतून पाणी.

"भाजलं वं! नलू, मले भाजलं!"

तिला तव्याचा चटका बसला होता. त्याआधी सहा महिने तीच बाई तापलेला तवा फडक्याविना उचलायची आणि फोड आलेला संध्याकाळी मी दाखवायची. आता ती बोट तोंडातून काढायची, सगळ्यांना दाखवायची, आणि "लय आगआग होऊन राह्यली!" म्हणून हसायची. कौशल्याबाई माझ्याकडे पाहायला लागल्या, बाईचं डोकं तर फिरलं नाही ना म्हणून. बापूजी आत गेले, गुळाची ढेप फोडली आणि आळीत वाटून आले. चटका बसला म्हणून गूळ वाटणारं आमचंच एक घर असेल.

चटक्याचा फोड बसला आणि तिनं पेटी उघडली. तळाच्या कप्प्यात रंग उडालेल्या, कोणी न घेतलेल्या बांगड्या होत्या, त्या काढल्या.

"आन तुह्या हात," म्हणाली.

तेव्हापासून दर दुपारी ओट्यावर माझे हात तिच्या हातात. ती भरायची, काढायची, पुन्हा भरायची. डोळे सवयीनं रस्त्याकडे. सुरुवातीला बांगड्या भराभर वाढायच्या.

"लागलं का वं?"

"नाई लागलं."

कधी कधी खरंच लागलेलं नसायचं. लागायचं तेव्हा मी मनगट पदरात दाबून धरायची आणि काहीतरी निमित्त काढून आत जायची. हळद भरायची, वरून दोन रुंद बांगड्या चढवायची आणि परत येऊन बसायची. एरवी तिच्याशी खोटं बोलायची मला गरज पडली नव्हती, आमचं सगळं उघड्यावर चालायचं. हे एकच खोटं मी महिनोनमहिने बोलले. लागलं म्हणून एकदा जरी तिला कळलं असतं, तर ती पेटी पुन्हा उघडली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

संक्रांतीनंतर बांगड्या वाढायच्या थांबल्या. होळीला तिनं फडक्याखालून गहू आणि तूर वेगवेगळी काढून दिली, मूठभर, एक दाणा न चुकता. आणि म्हणाली, "नलू, तुह्या उजवा हात डाव्यापरीस जाड हाय. भाकरी थापू थापू झाला. तरी भाकर जाडच करतं तू."

मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी भाकरी मुद्दाम जाड केल्या.

वैशाखात प्रमिलाबाईंच्या विमलचं लग्न निघालं. चुड्याच्या दोन दिवस आधी प्रमिलाबाई स्वतः आमच्या ओट्यावर आल्या. बसल्या नाहीत.

"पोरगी ऐकून नाई राह्यली," म्हणाल्या. "चुडा भरीन तं रुख्मामावशीच्याच हातानं, म्हनते. लहानपनापासून तुमच्याच हातानं भरले तिनं. तुमचा हात कसा हाय आता?"

माझ्या सासूनं दोन्ही हात पुढं केले आणि परत मांडीवर ठेवले.

"हातच्या काकणाले आरसा कायले, बाई? परवा पाहाच तुमी."

चुड्याच्या दिवशी आम्ही गेलो, तर पाटाजवळ पितळेच्या वाटीत पाणी आणि साबणाची नवी वडी ठेवलेली. आणि ओसरीवर बाकावर सेलूचे वासुदेवराव, आपली पेटी पायाशी घेऊन चहा पीत बसलेले! म्हणजे ही चुकली की लगेच दुसरा तयार. माझं टाळकंच सणकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूनं माझा दंड दाबला. चांगला जोरात दाबला.

पेटीला हळदीकुंकू लावलं. ती पाटासमोर बसली, साबणाची वडी उचलली, आणि तिनं आपलेच हात स्वच्छ धुतले. पदराला पुसले.

"बरं केलं बाई, पानी ठेवलं," प्रमिलाबाईंना म्हणाली. "उन्हातानाची आली, हात मळले होते."

दोन-तीन जणी पदराआड हसल्या. वडी तिनं बाजूला सारली आणि विमलचा हात हातात घेतला.

या वेळी तिचे डोळे रस्त्याकडे नव्हते, गावच्या भानगडीही नव्हत्या. ती विमलच्या तोंडाकडे पाहत होती आणि बोटं चाचपत होती. अंगठ्याचं मूळ, करंगळीखालचं हाड, पुन्हा अंगठ्याचं मूळ. मग दोरीतून बांगड्या सोडल्या. एक चढली. दोन. तीन. मी देवाचं नाव घ्यायचं सोडून नुसत्या बांगड्या मोजत होते. चार. पाच.

सहावी अर्ध्या पंजावर गेली आणि थांबली.

ओसरीवरची कपबशी वाजायची थांबली. प्रमिलाबाई अर्ध्या उठल्या.

माझ्या सासूनं बांगडी उलट फिरवून अलगद बाहेर काढली. आतून तर्जनी फिरवली, एकदा, दोनदा, आणि बांगडी बाजूला ठेवली.

"हिच्यात खडा हाय. सांध्यापाशी. पोरीले कापली असती."

बांगडी हातोहात फिरली. कोणालाच काही दिसेना. शेवटी ती ओसरीवर गेली. वासुदेवरावांनी उन्हात धरली, चष्मा लावला, नखानं खरवडून पाहिली.

"हाय," ते म्हणाले. "राईयेवढा बी नाई. पन हाय. मले नसता समजला, रुख्माबाई."

"तुमी साबन लावता ना," सासू इकडून म्हणाली. "साबनात कुठं समजते?"

मग काय, हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी. वासुदेवरावही हसले, पेटी उचलून म्हणाले, "मी तं चहा प्याले आलतो." आणि खरंच निघून गेले. दोन्ही हात भरून झाले, बारा आणि बारा, आणि वर कासारणीनं आपल्याकडून द्यायची एक. एकही वाढली नाही. विमलनं हात हलवले तसा किणकिणाट झाला, आणि माझ्या सासूनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

ती पेटी आवरायला लागली तेव्हा प्रमिलाबाई तिच्यासमोर पाटावर येऊन बसल्या. सगळ्या बायकांदेखत हात पुढं केला.

"माह्या बी भरा," म्हणाल्या. मग हळूच, "त्या दिवशी मी तुमाले उठवलं. तवापासून मले बरं नाई वाटलं, रुख्माबाई."

"उठवाचंच होतं," सासू म्हणाली. "पोटुशी पोर होती. तुमच्या जागी मी असती तं मी बी उठवलं असतं." तिनं प्रमिलाबाईंचा पंजा हातात घेतला, दाबला, आणि एकदम तिचा चेहरा असा फुलला की मी विसरणार नाही. "अव माय! तुमचा हात तं काई मऊ नाई वो, बाई! दगड हाय दगड!"

आता सगळ्यांत मोठ्यानं हसल्या त्या प्रमिलाबाईच.

घरी आलो तेव्हा उन्हं ओट्यावरून उतरली होती. मी पेटी ठेवून चहाला आत निघाले, तर तिनं हाक मारली.

"चहा राहू दे. अथी बस. आन हात."

"आता कायले? झाला ना तुमचा सराव."

"बस म्हनलं ना."

तिनं वरचा कप्पा उघडला. लग्नाघरी न्यायच्या हिरव्या, सोनेरी कडेच्या बांगड्या काढल्या. माझ्या हातातल्या रंग उडालेल्या बांगड्या एकएक करून उतरवल्या आणि माझं उघडं मनगट धरलं. डोळे रस्त्याकडे, नेहमीसारखे.

आणि तिचं बोट थांबलं.

"हे काय हाय वं?"

"काय?"

"हे. बारीक. दोऱ्यावानी लागून राह्यलं." बोट पुढं सरकलं. "अथी बी हाय."

मी हात ओढून घ्यायला गेले. तिनं सोडला नाही.

"विहिरीच्या दोरानं झालं असन," मी म्हटलं.

"दोर असा कापत नाई. काच कापते. मले नोको शिकवू." तिनं डोळे मिटले. डावं मनगट झालं, मग उजवं. अंगठा आणि तर्जनी अगदी हलके हलके फिरत होते. तिच्या ओठांवर आकडे दिसत होते. "मी विचारायची, लागलं का वं. तू म्हनायची, नाई लागलं."

मी रस्त्याकडे पाहिलं.

"काऊन नाई सांगितलं नलू?"

"सांगितलं असतं तं तुमी पेटी बंद केली असती."

"केलीच असती." तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी खाली आलं, तिनं पुसलं नाही. "नऊ हायेत."

"आठ," मी म्हटलं. मला माझे ओरखडे पाठ होते.

"नऊ." तिनं माझं डावं मनगट उलटं केलं आणि अंगठ्याच्या मुळाशी, घडी पडते तिथं, बोट ठेवलं. "हे पाह्य. लय बारीक हाय."

मी वाकून पाहिलं. केसाएवढी एक पांढरी रेघ होती. कधी झाली, मला आठवत नव्हतं. मला कळलीच नव्हती.

तिची करंगळी अजून बधिर आहे. ती बहुतेक तशीच राहील असं डॉक्टर म्हणतात. त्या संध्याकाळी तिनं बाकीच्या बोटांनी माझ्या अंगठ्याचं मूळ आत दाबलं आणि पहिली हिरवी बांगडी चढवली, मग दुसरी. रस्त्यानं बायका लग्नघराकडे चालल्या होत्या. तिनं तिकडे पाहिलं नाही.